एकशे बारानंतरचं पान

बसमध्ये खिडकीशी बसून त्याने पान उलटलं आणि एकशे बारानंतर एकदम एकशे एकोणतीस आलं. आधी वाटलं, पानं चिकटली असतील. अंगठा आणि पहिल्या बोटात धरून त्याने पान हलकेच चोळलं. चिकटलेलं पान बोटांना जाड लागतं. हे लागलं नाही. मग वाटलं, चष्म्याचं काहीतरी असेल. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. एकशे एकोणतीस. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "काही विसरलात का काका?" तो म्हणाला, "नाही, नाही. पान." त्यांनी वाकून त्याच्या पायाशी बघितलं, पान पडलंय की काय म्हणून, आणि काही दिसलं नाही तेव्हा जरा सरकून बसल्या. पान पडलं असतं तर बरं झालं असतं. पडलेलं पान चिकटवता येतं. हे पुस्तक त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला द्यायला. एक्केचाळीस वर्षं तो बाइंडर होता. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, फर्मे एकाखाली एक क्रमाने लावायचे, एकदा नजर टाकायची, मग शिवायचे. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, आणि दुसऱ्या आठवड्यातही तो चुकला तर त्याला खळ ढवळायला बसवतात. त्याने पुढची पानं भराभर चाळली. एकशे चव्वेचाळीसनंतर एकशे तेरा. एकशे अठ्ठावीसनंतर एकशे पंचेचाळीस. दोन फर्म्यांची अदलाबदल. जगात इतकी पुस्तकं त्याने बांधली, आणि बायकोच्याच पुस्तकात ही.

त्याचा स्टॉप मागे गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून तो उलट दिशेने चालत निघाला. पुस्तक काखेत होतं, आणि काखेत काहीतरी चोरीचं आहे असं त्याला वाटत होतं. बायको गेल्याला आता दहा महिने झाले होते. या पुस्तकाआधी त्याने आयुष्यात गोष्टींचं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. ती म्हणायची, "अहो, तुम्हाला पुस्तकाचं अंग कळतं, पोट कळत नाही." ते खरंच होतं. कापड कुठलं, पुठ्ठा किती जाड, शिलाई कुठे सैल पडेल, हे तो डोळे मिटून सांगायचा. आत काय लिहिलंय ते वाचायला ती होती. ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होती, पुढे सगळं आपोआप जोडलं जायला लागलं तेव्हा तिला चौकशीच्या टेबलावर बसवलं, आणि तिथे फोन नसेल तेव्हा ती विज्ञानकथा वाचायची. फक्त विज्ञानकथा. प्रेमाच्या गोष्टी तिला कंटाळवाण्या वाटत. "माणसं तीच, भानगडी त्याच. यात निदान ग्रह तरी वेगळा असतो." घरी आली की भाजी चिरताना त्या दिवसाची गोष्ट सांगायची, आणि तो हात धुऊन ऐकत बसायचा. चाळीस वर्षांत तिने त्याला निम्मं विश्व सांगितलं असेल. गेल्या पंधरवड्यात वाचनालयातल्या बाईंचा फोन आला नसता तर त्याने पुस्तक उघडलंही नसतं. त्या म्हणाल्या, शनिवारी दुपारी आमचं वाचनमंडळ वहिनींच्या आठवणीत बसतंय, त्यांची ती नळाची गोष्ट वाचायची सगळ्यांची इच्छा आहे, आणि वाचायची तुम्ही. तो म्हणाला, "मी? मला वाचता कुठे येतं!" त्या म्हणाल्या, "येतं हो. वहिनी सांगायच्या, तुम्ही औषधाच्या बाटलीवरचं सगळं वाचता."

मग त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, कारण मधूनच पुस्तक उघडायचं हे त्याला अर्ध्या शिवलेल्या पुस्तकावर पुठ्ठा चढवल्यासारखं वाटलं. आणि त्याची फजिती झाली, कारण त्याला ते आवडलं. पहिल्या गोष्टीत एक यंत्रमानव निवृत्तीचा अर्ज करतो आणि सगळं ऑफिस चार वर्षं त्या अर्जाचा नमुना शोधत राहतं. तिसऱ्या गोष्टीत एक ग्रह होता, तिथे आवाज इतका सावकाश चाले की बायको आज बोलली की नवऱ्याला परवा ऐकू येई. तोपर्यंत तिचा राग गेलेला, आणि याला मात्र आत्ता आलेला. ते वाचून तो आपल्या बाइंडिंगच्या दुकानात एकटाच इतका हसला की शेजारचा चपलांचा दुकानदार डोकावून म्हणाला, "काय, पुस्तक गुदगुल्या करतंय?" त्याला आठवलं, ही गोष्ट तिने सांगितली होती. वर्षं झाली असतील. पण तिच्या तोंडून ऐकताना तो नवरा यडपट वाटला होता, आणि आता वाचताना त्याला त्याची बाजू पटत होती. आपल्याला एवढ्या उशिराने ऐकू येतंय, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि त्याने चटकन पान उलटलं. असं वाचत वाचत तो आज बसमध्ये एकशे पाचव्या पानावर आला होता, नळाच्या गोष्टीपाशी.

ती गोष्ट त्याला पाठ होती. अवकाशयानाचा एक मिस्त्री असतो. यान इतकं वेगाने जातं की त्याचं तिथलं एका दिवसाचं काम म्हणजे इथली चाळीस वर्षं. तिच्या सांगण्यात तो मिस्त्री घरी पिशवी भरतो, जातो, काम उरकतो, परत येतो, तर घर रिकामं. सगळीकडे धूळ, आणि नुसता नळ ठिबकतोय. तेव्हा तो म्हणतो, "नळ गळतोय वाटतं." आणि आतून मिस्त्रीची बायको म्हणते, "दोन वर्षं सांगतेय!" इथे बाइंडरची बायको दर वेळी भाजीची सुरी खाली ठेवायची. "दोन वर्षं सांगतेय! कळलं का? घर रिकामं, चाळीस वर्षं गेलेली, आणि ही आत आहे. कशी आहे, कुठून आली, काही सांगत नाही लेखक. दोघं नळावरून भांडतात, मग जेवतात, तो पाना घेऊन नळाखाली शिरतो, भिजतो, ती हसते. आणि शेवटचं वाक्य काय माहितीये? 'तिने हात पुसले आणि'. बस्स. पुढे नाही. पान उलटलं की दुसरी गोष्ट. काय हिंमत असेल बघा त्या माणसाची! संपवलीच नाही." दवाखान्यातसुद्धा तिने ही गोष्ट नर्सला सांगितली होती. नर्स म्हणाली, "मावशी, आणि काय? हात पुसले आणि काय?" तर ती म्हणाली, "आता ड्यूटी संपली की तुम्ही घरी जाल ना, तेव्हा बघा."

आणि आता दुकानाचं कुलूप काढताना त्याला कळत होतं की लेखकाने असली काही हिंमत केलेली नव्हती. लेखकाने गोष्ट सरळ लिहिली होती. मिस्त्री पिशवी खाली ठेवतो आणि म्हणतो, नळ गळतोय वाटतं. ते निघायच्या आदल्या दिवशीचं. भांडण, जेवण, दुरुस्ती, सगळं आदल्या दिवशीचं. ती हात पुसते आणि दाराकडे बघते, तो जातो, परत येतो, घर रिकामं, नळ ठिबकतोय, गोष्ट संपली. दुरुस्त केलेला नळसुद्धा परत गळायला लागलेला. फर्म्यांच्या शेवटी वाक्यं अशी काही तुटली होती की इकडची तिकडे जोडली तरी बिनतक्रार चालत होती. हिंमत झाली होती ती बाइंडरच्या हाताची.

आणि चष्मेवाला! त्याची आठवण येताच तो स्टुलावर बसलाच. कोपऱ्यावरचा चष्मेवाला वाचनमंडळात होता, आणि त्याने हे पुस्तक वाचलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी हिने मंडळात ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, ती गोष्ट रिकाम्या घरावर संपते. वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो." ही म्हणाली, "तुमच्या स्वतःच्या चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या." तो म्हणाला, पुस्तक आणा. ही म्हणाली, तुमचं आणा. त्याचं पुस्तक मेहुण्याने नेलं ते नेलंच होतं. आणि हिने सांगून टाकलं की माझं पुस्तक घराबाहेर जाणार नाही, ते माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी बांधलंय, लोकांनी हाताळायला नाही. पुढचे सहा महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. ती नवा चष्मा करायला दोन स्टॉप लांब जायची. मंडळात त्याला नळाचं भांडण म्हणत, आणि नवीन माणूस आला की आधी त्याला विचारत, तुम्ही नळाच्या कुठल्या बाजूचे? पुढे समेट झाला, पण मत कोणीच सोडलं नाही. आता शनिवारी चष्मेवाला पहिल्या रांगेत बसणार. आणि कालच तो दुकानावरून जाताना खुशीत ओरडून गेला होता, "बाइंडरसाहेब, मेहुण्याने पुस्तक परत केलं बरं का! फाटकं का होईना. शनिवारी घेऊनच येतो." काल त्याने मान डोलवली होती. आज त्या वाक्याचा अर्थ त्याला लागला. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की ही खोटी पडणार. अकरा वर्षं भरसभेत छातीठोकपणे चुकीची गोष्ट सांगणारी बाई, आणि उत्तर द्यायला आता ती नाही. लोक हसतील. वाईट हसणार नाहीत, प्रेमानेच हसतील. पण तिच्यावर प्रेमाने हसलेलंही तिला चालायचं नाही.

त्याने लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "बाबा, एवढंच ना? उघडा आणि नीट शिवा. तुम्हाला अर्धा तास लागेल." तो म्हणाला, "मग आई खोटी पडेल." ती म्हणाली, "मग नका शिवू." तो म्हणाला, "मग मी खोटा पडतो." लेक म्हणाली, "बाबा, एक विचारू? आईला एक्सचेंजचे चारशे नंबर तोंडपाठ होते. दुधवाल्याचा, शाळेचा, माझ्या मैत्रिणीच्या आत्याचा. पानाचे नंबर तिला दिसले नसतील का?" तो म्हणाला, "गोष्टीच्या नादात कोण नंबर बघतं?" पण फोन ठेवल्यावर ते वाक्य त्याच्या मागे लागलं. ती तर नोटेवरचेसुद्धा नंबर वाचायची. बसच्या तिकिटावरच्या आकड्यांची बेरीज करायची. पण कळलं असतं तर ती बोलली नसती का? ती आणि गप्प? आमटीत मीठ जास्त झालं तर ती स्वतःच्याच हातच्या आमटीची तक्रार स्वतःकडे करायची. नाही, नसेलच कळलं. आणि समजा कळलं असेल, तर अकरा वर्षं ती आपल्याकडे बघून मनात काय म्हणत असेल? एवढा मोठा कारागीर, आणि बघा. हा विचार त्याला चावत राहिला. दुपारभर त्याने एका शाळेची हजेरीपुस्तकं बांधली, आणि प्रत्येकाचे फर्मे तीन तीनदा तपासले, तिथे वाचायला काही नव्हतं तरी.

शुक्रवारी सकाळी त्याने ठरवलं, शिवायचं. चूक ती चूक. पुस्तक सरळ करायचं आणि उद्या उभं राहून सांगायचं की बाइंडर मी, गाढव मी, तिला बोल लावू नका. त्याने टेबल पुसलं, पुस्तक उघडं ठेवलं, एकशे बारा आणि एकशे एकोणतीस या पानांवर हात दाबून ते पार सपाट केलं. असं कोणी वाचणारा करत नाही, पाठ मोडते. असं फक्त शिलाई तोडायची असली की करतात. मग सुरीचं टोक त्याने दोन फर्म्यांच्या सांध्यातल्या दोऱ्याखाली घातलं. तिथे, सांध्याच्या अगदी आत, शिलाईच्या दोऱ्याला चिकटून, टोकदार पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं होतं. तिचं अक्षर. एक्सचेंजच्या नोंदवहीत लिहायची तसं बारीक आणि उभं. त्याने दिवा जवळ ओढला. एकशे बारा ते एकशे एकोणतीस, असं आकड्यांत लिहिलं होतं, पुढे तारीख, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची, म्हणजे पुस्तक दिल्याच्याच दिवसाची. आणि त्याखाली, 'जोडून दिलंय. तोडू नका.'

सुरी हातात तशीच राहिली. त्याने ते दोन-तीनदा वाचलं. पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही ही जागा दिसली नसती. ही जागा फक्त बाइंडरला दिसते, तीही हातात सुरी असताना. म्हणजे तिला माहीत होतं की एक दिवस हा वाचेल. वाचेल, घाबरेल आणि सुरी घेऊन येईल. अकरा वर्षं ती याची वाट बघत बसली होती, आणि याला पुस्तक उघडायला दहा महिने उशीर झाला. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि आलं ते हसू. म्हणजे त्या बिचाऱ्या चष्मेवाल्याचंच बरोबर होतं, हे माहीत असून ती सहा महिने त्याच्याशी बोलली नव्हती! दोन स्टॉप लांब जाऊन चष्मे करत होती! पुस्तक घराबाहेर जाऊ देत नव्हती ते कौतुकापोटी नव्हे, चूक झाकायला. आणि घरी भाजी चिरताना सुरी खाली ठेवून म्हणायची, काय हिंमत त्या माणसाची, आणि बघायची याच्याकडे. तो समोर हात धुऊन बसलेला असायचा, मान डोलवत. त्या बघण्याला त्याने आज पहिल्यांदा उत्तर दिलं. रिकाम्या दुकानात तो मोठ्याने म्हणाला, "अगं बाई!" चपलांचा दुकानदार डोकावला आणि म्हणाला, "परत गुदगुल्या?"

शनिवारी वाचनालयात चौदा माणसं होती. चष्मेवाला पहिल्या रांगेत, मांडीवर त्याची फाटकी प्रत, दोऱ्याने बांधलेली. ग्रंथपालबाई दोन शब्द बोलल्या, मग तो उभा राहिला. त्याने पुस्तक उघडलं आणि एकशे पाचव्या पानापासून सुरुवात केली. एकशे बाराव्या पानाशी आला तेव्हा त्याने बोट आधीच पुढच्या पानाखाली घालून ठेवलं. 'त्याने पिशवी खाली ठेवली आणि' इतकं वाचून त्याने पान उलटलं आणि थांबल्याशिवाय 'दाराकडे बघितलं' वाचलं. समोर चष्मेवाल्याचं बोट मांडीवरच्या पानावर थबकलं. त्याने एक पान पुढे बघितलं, एक मागे. मग बरीच पुढे गेला, बोटाने ओळ शोधली, सापडली, आणि चष्म्यावरून बाइंडरकडे बघितलं. बाइंडर वाचत राहिला. यान, काम, परतीचा प्रवास, दार, धूळ. 'नळ ठिबकत होता.' इथे चष्मेवाल्याने आपलं पुस्तक मिटलं. त्याच्या मते गोष्ट संपली होती. बाइंडरने पान उलटलं आणि वाचलं, "म्हणाला, नळ गळतोय वाटतं. आतून ती म्हणाली, दोन वर्षं सांगतेय!" मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. ग्रंथपालबाई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. त्याने भांडण वाचलं, जेवण वाचलं, भिजलेला मिस्त्री वाचला, आणि शेवटी 'तिने हात पुसले आणि' असं वाचून पुस्तक मिटलं आणि खाली बसला. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बघा, वहिनी सांगायच्या ते अगदी बरोब्बर!" सगळे चष्मेवाल्याकडे बघायला लागले.

चष्मेवाला उठला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आपली फाटकी प्रत घेऊन तो बाइंडरपुढे आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझी प्रत चुकीची बांधलेली दिसते, साहेब." बाइंडर म्हणाला, "अहो, नाही, ते माझ्या हातून—" चष्मेवाला म्हणाला, "कोणाच्या हातून ते मला दिसतंय. डोळ्यांचाच धंदा आहे माझा." मग वाकून हळूच म्हणाला, "वहिनींना माहीत होतं?" बाइंडरने होकारार्थी मान डोलवली. चष्मेवाल्याने वहिनींच्या पुस्तकावर बोट ठेवलं. "सहा महिने," तो म्हणाला. "सहा महिने माझ्या दारावरून नाक वर करून जायच्या! बाई होती की कोण होती!" आणि त्याने आपलं पुस्तक पुढे केलं. "हे दुरुस्त करून द्या. वहिनींच्या पुस्तकासारखं. मला पुन्हा एकदा नीट जेवायचंय."

सोमवारी त्याने ते पुस्तक टेबलावर घेतलं. जुने दोरे काढले, पाठीवरची खळ खरवडली, फर्मे सुटे केले. आणि गंमत अशी झाली की त्याला चूक करता येईना. एकशे बारापर्यंत आलं की हात आपोआप एकशे तेराच उचलायचा. त्याने तो फर्मा लांब ठेवला, तरी हात लांब गेला आणि घेऊन आला. दोनदा शिवून झाल्यावर लक्षात आलं, पुस्तक सरळ झालंय. दोनदा तोडलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला नीट काम केल्याचा राग आला. मग तो सुई खाली ठेवून विचार करत बसला, त्या दिवशी झालं कसं? आणि त्याला आठवलं. त्या दिवशी ती इथेच होती, समोरच्या स्टुलावर. संध्याकाळपर्यंत पुस्तक हवं म्हणून घाई करायला आली होती आणि घाई राहिली बाजूला, एक्सचेंजमधल्या एका माणसाचा किस्सा सांगत बसली होती.

त्याने सुईत दोरा ओवला, स्टुलाकडे तोंड केलं आणि सांगायला सुरुवात केली. "एक माणूस होता. तो रोज ऑफिसातून एक्सचेंजला फोन करायचा आणि म्हणायचा, माझ्याच घरचा नंबर जोडून द्या." हात चालू होते. "रोज ही जोडून द्यायची. एक दिवस त्याच्या बायकोने आवाज ओळखला नाही. म्हणाली, ते घरी नाहीत. तर हा म्हणतो कसा," इथे तिला नेहमी हसू आवरायचं नाही, आणि त्यालाही आवरलं नाही, "हा म्हणतो, बरं, आले की सांगा, मी फोन केला होता!" तो हसला, पोट धरून हसला, इतका की चपलांचा दुकानदार या वेळी डोकावलाच नाही, नुसतं भिंतीपलीकडून ओरडला, "चालू द्या!" हसू ओसरल्यावर त्याने खाली बघितलं. एकशे बारानंतर एकशे एकोणतीस शिवून झालं होतं. त्याने दोरा ओढून घट्ट केला आणि गाठ मारली.